मेलसाठी लोकल युजर : पार्श्वभूमी

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच ‘मेल’ ही आज्ञा होती आणि यंत्रावर ज्याचे खाते (म्हणजेच जो लोकल युजर), त्याला मेल, इतका सरळ हिशेब होता. १९८२ मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हरांमध्ये मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, मानक आल्यावरही तो टिकला. डोमेन आपले असेल, तर पत्त्यातील @ च्या आधीचे नाव पासवर्ड फाइलमध्ये (यंत्रावरील खात्यांच्या यादीत) शोधायचे, एवढेच सर्व्हरचे काम होते.

‘लोकल’ या शब्दाने मात्र आजवर बराच घोटाळा केला आहे. पुण्यातील कार्यालयांत ‘लोकल मेल’ म्हणजे ऑफिसातल्या ऑफिसातील मेल असे समजतात. मेल सर्व्हरच्या लेखी मात्र ज्या पत्त्याचा शेवट याच यंत्रावर होतो तो लोकल, मग मेल वाचणारा सदाशिव पेठेत असो वा परदेशात. शिवाय उपनामांच्या फाइलमध्ये (कोणत्या नावाची मेल कुठे वळवायची, त्या यादीत) नोंद असली, की खाते नसतानाही पत्ता लोकल ठरतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. त्यानंतर मी पाहिलेल्या पुण्यातील लहान कार्यालयांत एकच डायल-अप जोडणी असे, एका लिनक्स यंत्रावर सगळी मेल उतरवली जाई आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्यात वाटली जाई. या खात्यांना लॉगिन शेल (यंत्रावर शिरून आज्ञा देण्याची सोय) द्यायचे की नाही, यावर मतभेद होते. शेल हवे म्हणणाऱ्यांचे कारण खरे होते : ते नसेल तर पासवर्ड बदलणे किंवा मेल दुसरीकडे वळवणे वापरणाऱ्याच्या हाती राहत नाही. तरीही माझ्या मते ‘नोलॉगिन’, म्हणजे शेल न देणे, हाच निर्णय योग्य होता, कारण सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याच्या पीओपी३ या पद्धतीच्या साध्या जोडणीत पासवर्ड उघड्या स्वरूपात जात असे आणि तोच पासवर्ड संपूर्ण सर्व्हरचे दार उघडत असे.

पुढे प्रत्येक पत्रासाठी वेगळी फाइल ठेवणारी मेलडिर रचना आली आणि पासवर्ड फाइलशी संबंध नसलेले ‘व्हर्च्युअल’ युजरही आले. मात्र त्या पद्धतीत बहुधा सर्वांची मेल एकाच सिस्टिम युजरच्या मालकीची असते, तर लोकल खात्यात एकाची मेल दुसऱ्यापासून खुद्द कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) राखतो. म्हणूनच दहा-पंधरा माणसांच्या सर्व्हरवर मी आजही लोकल खातीच उघडतो. केवळ ‘नोलॉगिन’वर मात्र विसंबता येत नाही, कारण शेल नसले तरी एसएसएचमधून (दुरून यंत्रावर शिरण्याच्या सुरक्षित जोडणीतून) पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे सर्व्हरमार्गे दुसरीकडे जोडणी, होऊ शकते, त्यासाठी एसएसएचच्या मांडणीत परवानगी असलेला गट ठरवून मेलची खाती त्याच्या बाहेर ठेवावी लागतात.