चाळिशीनंतर डोक्यात काही शिरत नाही?

‘वय वाढलं की मेंदू नवं काही घेत नाही, चाळिशीनंतर इतिहास-समाजशास्त्राच्या पदवीच्या नादी लागू नये,’ असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. नवी माहिती झटपट टिपण्याचा वेग तरुणपणानंतर हळूहळू उतरतो. शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञान मात्र सहसा साठीच्या आसपासपर्यंत वाढत राहतं. इतिहास-समाजशास्त्रासारख्या विषयांना नेमकं हेच भांडवल लागतं. लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारे म्हणतो, ते पटतं का, हे तपासायचं असतं. सनावळ्या पाठ करणं हा त्यातला लहानसा भाग (शाळेने उलटं शिकवलं, ते सोडा).

मग अडतं कुठे? बहुतेकदा लिहायची सवय मोडलेली असते. स्वतःच पडताळून पाहा. दोन पानी वैचारिक लेख वाचा, मिटून ठेवा. मग न बघता लेखकाचा मुद्दा, त्याचा पुरावा आणि तुमची एक शंका लिहा. नुसतं पुन्हा वाचलं तर सगळं ओळखीचं वाटतं. ती आठवण नव्हे. पहिल्या कागदावर पेन अडखळेल. तारीख घालून तो जपून ठेवा. आठवड्यातून तीनदा, महिनाभर हे करा आणि पहिला नि शेवटचा कागद शेजारीशेजारी ठेवा.