जॉर्जियातील डिजिटल नोमॅड

ज्याचे काम लॅपटॉप आणि इंटरनेटवर चालते, ज्याचा मालक किंवा ग्राहक एका देशात असतो आणि जो स्वतः राहतो दुसऱ्याच देशात, त्याला डिजिटल नोमॅड म्हणतात. मराठीत ‘भटके’ हा शब्द भटक्या-विमुक्त जमातींच्या हालअपेष्टांशी बांधला गेलेला आहे. स्वखुशीने देश बदलणाऱ्या पगारदारांना तो लावणे बरे नाही, म्हणून या नोंदीत ‘नोमॅड’ हाच शब्द ठेवला आहे. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामधला जॉर्जिया हा छोटा देश अशा लोकांचे आवडते ठिकाण आहे. बहुतेकांचा मुक्काम राजधानी त्बिलिसीत, काहींचा बातुमी या बंदरात असतो.

या ओढीमागे दोन गोष्टी आहेत : उघडे दार आणि हलका कर. नव्वदहून अधिक देशांच्या नागरिकांना जॉर्जियात व्हिसाशिवाय सलग एक वर्ष राहता येते. वर्ष भरत आले, की सार्पीच्या नाक्यावरून तुर्कस्तानात किंवा सादाख्लोवरून आर्मेनियात पाऊल टाकून परतायचे, की नवे वर्ष सुरू. कोविडकाळात सीमा बंद झाल्या तेव्हा, 2020 मध्ये, सरकारने ‘रिमोटली फ्रॉम जॉर्जिया’ ही योजना काढली. महिना किमान 2,000 डॉलर कमाई दाखवणाऱ्यांना तिच्यातून प्रवेश मिळे.

कराची कहाणी त्याहून जुनी. 2003 च्या गुलाब क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या मिखाइल साकाश्विली यांच्या सरकारने करांची संख्या वीसच्या वरून सहा-सातवर आणली. पुढे, सार्वमत घेतल्याशिवाय नवा राष्ट्रीय कर लावता येणार नाही, अशी तरतूद थेट राज्यघटनेत आली. व्यक्तीच्या उत्पन्नावर सरसकट 20 टक्के कर आहे आणि परदेशात उगम पावलेल्या उत्पन्नावर व्यक्तीला कर नाही.

बहुतेकांची गफलत होते ती या शेवटच्या वाक्यात. ‘माझा ग्राहक लंडनचा, पैसे येतात लंडनहून, म्हणजे उत्पन्न परदेशी’ असा हिशेब नवखा माणूस मांडतो. जॉर्जियाचा कायदा मात्र पैसे कुठून आले हे न पाहता काम कुठे बसून केले हे पाहतो. त्बिलिसीच्या भाड्याच्या खोलीत बसून लिहिलेल्या कोडचे पैसे हे जॉर्जियातलेच उत्पन्न ठरते आणि त्यावर 20 टक्के लागू होतात. बारा महिन्यांच्या कोणत्याही सलग काळात 183 दिवस तिथे राहिले, की माणूस करदृष्ट्या निवासीही होतो. ‘करमुक्त जॉर्जिया’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

खरी सवलत आहे ती ‘लघुउद्योग दर्जा’ची. वैयक्तिक उद्योजक म्हणून नोंदणी करून हा दर्जा घेतला, की वर्षाला 5 लाख लारीपर्यंतच्या (लारी हे तिथले चलन; सुमारे 1.8 लाख डॉलर) उलाढालीवर 1 टक्का कर पडतो. हा दर 2018 पासून आहे. कर उलाढालीवर असल्याने खर्चाची वजावट मिळत नाही; महिन्याचे विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावे लागते, आणि एक छदाम कमावला नसला तरी ते चुकवून चालत नाही. सल्लागारीसह काही व्यवसाय या दर्जातून वगळलेले आहेत. त्यामुळे आपण नेमके काय काम करतो, हे बिलावर कोणत्या शब्दांत लिहिले आहे याला फार महत्त्व येते. नोंदणी होते ती मत्क्वारी नदीकाठच्या ‘न्याय सदना’त. अळंब्यांच्या छत्र्या एकमेकींवर रचाव्यात तसे पांढरे छत असलेली ही इमारत 2012 मध्ये उभी राहिली. पासपोर्टपासून जमिनीच्या नोंदीपर्यंतची कामे इथे एकाच छताखाली होतात. सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला ही सोय विशेष जाणवावी.

रोजचे जगणे मात्र करापेक्षा वेगळ्या गोष्टींनी बनते. त्बिलिसीतल्या साबुर्तालोसारख्या भागातल्या सोव्हिएत काळच्या इमारतींत अनेक ठिकाणी लिफ्टला नाणे टाकावे लागते. सुटे नसतील तर आठ मजले पायी. गल्लीतल्या भट्टीत, मातीच्या गोल भिंतीच्या आतल्या अंगाला होडीच्या आकाराचा पाव थापला जातो. त्या भट्टीला म्हणतात ‘तोने’, पावाला ‘पुरी’. आपला तंदूर डोळ्यांसमोर यावा असेच ते दृश्य. लिपीत 33 अक्षरे असून ती दुसऱ्या कोणत्याही लिपीशी जुळत नाहीत. ती न शिकता वर्षानुवर्षे राहणारे नोमॅड पुष्कळ आहेत, आणि ही खेदाची गोष्ट आहे.

त्यांच्या स्वस्ताईची किंमत दुसरे कोणी मोजते. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर हजारो रशियन जॉर्जियात आले. त्यांतले कित्येक संगणक क्षेत्रातले, डॉलरमध्ये कमावणारे होते. त्बिलिसीतली घरभाडी झपाट्याने चढली. गावाकडून शिकायला आलेल्या मुलांना खोल्या मिळेनात आणि जुन्या भाडेकरूंना घरे सोडावी लागली. नोमॅडांबद्दल लिहिताना हा भाग बहुधा गाळला जातो. तो गाळू नये. देशातले राजकीय वातावरणही निवांत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारने युरोपीय संघाच्या प्रवेशाची बोलणी 2028 अखेरपर्यंत पुढे ढकलली, तेव्हापासून त्बिलिसीतल्या रुस्तावेली मार्गावर सातत्याने निदर्शने होत राहिली. उघडे दारही आता थोडे लोटले गेले आहे : 2025 मधल्या कायदाबदलानुसार 1 मार्च 2026 पासून स्वयंरोजगारी परदेशी व्यक्तींनाही कामाचा परवाना आवश्यक झाला.

भारतीयांसाठी हे दार पूर्ण उघडे कधीच नव्हते. वर्षभराच्या सवलतीच्या यादीत भारत नाही. एरवी व्हिसा काढावा लागतो. अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा वैध व्हिसा असेल, तर 180 दिवसांत 90 दिवस राहता येते. त्बिलिसीत दिसणारे भारतीय बहुतांशी वैद्यकाचे विद्यार्थी असतात. करापुरते सांगायचे, तर एका आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा अधिक भारतात काढणारा माणूस भारताचा निवासी ठरतो आणि त्याच्या जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब इथे द्यावा लागतो. शिवाय 2020-21 पासून, ज्या भारतीय नागरिकाचे परदेशी उत्पन्न वगळता उत्पन्न 15 लाख रुपयांहून अधिक आहे आणि जो कुठल्याच देशात निवासी म्हणून करपात्र नाही, त्यालाही निवासी मानले जाते. पुण्यातल्या ग्राहकांसाठी काम करत देश बदलत राहणाऱ्याला ही तरतूद नेमकी गाठू शकते. अशा वेळी जॉर्जियाच्या महसूल खात्याकडून करनिवासाचा दाखला घेऊन ठेवलेला असावा. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे आणि त्याचा लाभ मागताना हाच कागद दाखवावा लागतो.