ठेकेदाराचा माणूस, म्हणून बिल्डर हात वर करू शकतो?
"रोजंदारीवर होता, ठेकेदाराने आणलेला, त्यामुळे साइटवर पडला तरी बिल्डरकडून काही मिळत नाही", असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाहीये. 1923च्या जुन्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम 12 सरकारी वेबसाइटवर काढून वाचा, त्यात मूळ काम ज्याचं त्याच्याकडूनही, म्हणजे इथे बिल्डरकडूनही, भरपाई मागता येते असं स्पष्ट होतं, मग बिल्डर ती ठेकेदाराकडून वसूल करो, आणि 2025 पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व ठेवलंय. अपॉइंटमेंट लेटर नसलं तरी हजेरीचं कार्ड, पगाराचा फोनवर आलेला मेसेज, सोबत काम करणारे, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. आणि प्लीज, हॉस्पिटलच्या केसपेपरवर "घरी पडला" लिहू देऊ नका, मुकादम कितीही सांगो, "साइटवर परांचीवरून पडला" असंच लिहून घ्या, पुढे सगळं तिथेच अडतं.