हीटर ठरवायच्या आधी पेटी मोजा

घरी स्मोकर, म्हणजे मांस धुरावर शिजवायची पेटी, बनवणारी माणसं आम्हाला रोज एकच विचारतात, गॅस घेऊ, कोळसा घेऊ की विजेवर तापणारा एलिमेंट बसवू, आणि सोबत कुठल्यातरी हीटरचा फोटो, हा चालेल का म्हणून. फोटोवरून आम्ही उत्तर देत नाही. आधी पेटीची मापं विचारतो, भिंती कशाच्या आहेत, दार किती घट्ट बसतं ते विचारतो आणि मगच पुढे बोलतो. काहींना ही टाळाटाळ वाटते, म्हणून कारण एकदा नीट लिहून देतोय.

हॉट स्मोकिंगमध्ये, म्हणजे मांस धुरात शिजवताना, पेटीतली हवा साधारण १०५ ते १२० अंशांवर (सगळे आकडे सेल्सिअस) तासन्‌तास टिकवायची असते. हीटरचा बहुतेक जोर पेटीतून बाहेर जाणारी उष्णता भरून काढण्यातच जातो. एक उदाहरण घ्या, ६० बाय ६० बाय १२० सेंटीमीटरची पेटी, बाहेर ३० अंश, आत ११०. भिंती नुसत्या पत्र्याच्या असतील तर तेवढा ताप टिकवायलाच दोन हजार वॅटच्या आसपास लागतात, वारा असेल तर आणखी. त्याच पेटीला ५० मिलीमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) लावलं की भिंतींतून जेमतेम अडीचशे वॅट जातात, व्हेंट (हवा-धुराचं भोक) आणि दाराच्या फटी धरून पाचशे समजा. पेटी तेवढीच, पण गरज चौपट कमी. आता फोटो बघून आम्ही काय सांगणार!

आणि इथेच ती चूक होते जी निस्तरण्यात तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो: मोठाच घेऊन ठेवू, नंतर कमी करता येईल. नाही येत. तिन्ही प्रकारांत नाही येत, फक्त त्रास वेगवेगळा होतो.

कोळशाचं बघा. बास्केट काठोकाठ भरून सगळा कोळसा एकदम फुलवला की पेटी बघता बघता १६० वर जाते, मग घाबरून खालची झडप बंद केली जाते, हवा मिळत नाही, वर टाकलेलं लाकूड अर्धवट जळत राहतं आणि दाट पांढरा-पिवळट धूर कोंडतो. मांसावर काळपट चिकट थर बसतो, चव कडू लागते, आणि मग लाकूड खराब निघालं म्हणून आम्हाला फोन येतो. लाकूड बहुतेक वेळा चांगलंच असतं. आग लहान ठेवा पण तिला मोकळी हवा द्या, न पेटवलेल्या कोळशावर पाच-सहाच फुललेले निखारे ठेवा, आग हळूहळू खाली सरकत जाते. ९० अंशांनाच खालची झडप थोडी थोडी मिटायला लागा, कारण चढलेला ताप उतरवणं फार कठीण. वरची झडप कायम उघडी. धूर पातळ, निळसर दिसला की समजा जमलं.

एलिमेंटचं उलटं होतं. रॉकवूलवाल्या पेटीत २००० वॅटचा एलिमेंट दोन मिनिटं चालतो आणि बराच वेळ बंद राहतो, त्यामुळे त्याच्यावरचे लाकडाचे चिप्स धुमसतच नाहीत. लाकूड २०० अंशांच्या पुढे गेल्यावर कुठे धूर द्यायला लागतं. तोच ताप ८०० वॅटचा एलिमेंट जास्त वेळ चालून टिकवतो आणि धूर येत राहतो. किचनमधली हॉटप्लेट आत ठेवणाऱ्यांची तक्रार वेगळी असते, पेटी ७०-८० च्या वर चढतच नाही. हॉटप्लेटचा थर्मोस्टॅट स्वतःच्या प्लेटचा ताप बघतो, मांसाजवळ किती आहे हे त्याला कळायचा मार्गच नाही, आणि बंद पेटीत तो लवकर कट होतो. म्हणून आम्ही साधा एलिमेंट आणि वेगळा पीआयडी कंट्रोलर (ताप बघून वीज आपोआप कमी-जास्त करणारा) असा सेट देतो, त्याचा प्रोब, म्हणजे ताप मोजणारी सळई, मांसाच्या जाळीच्या उंचीवर लावायचा. सेट थोडा महाग पडतो हे मान्य, पण रात्रभर उठून डायल फिरवावा लागत नाही. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करा, आणि धातूच्या पेटीला अर्थिंग हवंच हवं.

गॅसचा मोठा बर्नर एकदम बारीक केला की वाऱ्याच्या झुळुकीनेही विझतो आणि गॅस आत साठतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, म्हणून भोकं तळाला पाहिजेत. विझला तर दार उघडून चांगला वेळ थांबा, मगच पेटवा. ज्वाला गेली की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह नसेल तर तो बर्नर आम्ही विकतच नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आमचं मत विचाराल तर रॉकवूलवाल्या पेटीला एलिमेंट, लोखंडी ड्रमला कोळसा, आणि जवळ सॉकेट नसेल तर गॅस. लाकडी पेटीच्या आत उघडा कोळसा नकोच, बाहेर वेगळी भट्टी करून पाइपने धूर आत घ्या. विस्तवाजवळ जीआय पत्रा लावू नका, जस्ताचा थर तापून धूर सोडतो. कोळसा किंवा गॅस बंद खोलीत, गॅरेजमध्ये कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पेटी आधीच तयार असेल तर रिकामी चालवून बघा. माहीत असलेल्या वॅटचा एलिमेंट आत ठेवा, काटा चढायचा थांबेपर्यंत वाट बघा, मग बाहेरच्यापेक्षा आत किती अंश वाढले ते लिहून घ्या. ५०० वॅटने ४० वाढले तर ८० वाढवायला साधारण हजार लागतील.

अजून एक, मोठा तुकडा आतून ६५-७० अंशांवर कितीतरी वेळ अडकून बसतो. हीटर कमी पडला असं वाटून लोक मोठा मागवतात. पण तेव्हा मांसावरचं पाणी उडत असतं आणि तुकडा घामाने गार होत असतो, पेटीचा काटा ११० वर असेल तर हीटर बरोबर आहे, थांबा.

आम्हाला लांबी, रुंदी, उंची, भिंतीचा प्रकार आणि रिकाम्या पेटीचा आकडा एवढं पाठवा, वॅट आम्ही काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही. आम्ही सांगितलेला एलिमेंट कमी-जास्त पडला तर बदलून देतो. फोटोवरून स्वतः निवडलेला मात्र बदलून मिळणार नाही.