शेवटी ‘ग्री’ असलेला तिसरा शब्द कुठला?

परवा रंकाळ्यावर भेळ खाताना भाच्यानं तेच जुनं कोडं टाकलं: शेवटी जी-आर-वाय असलेले इंग्रजीत तीनच शब्द. अँग्री, हंग्री आणि तिसरा? ‘मामा, रोजच्या वापरातला आहे म्हणे!’

नाही रे बाबा. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत रेडिओवरून गाजलेलं हे कोडं आता मोबाईलवर फिरतंय. रोजच्या वापरात शब्द दोनच आहेत. ‘ग्री’ला वेगळा अर्थही नाही, अँगर आणि हंगर यांना नुसता वाय चिकटलाय, मधला ई तेवढा गळाला.

मोठे कोश उघडले तर मात्र तीनाच्या वर सापडतात. ‘अ‍ॅग्री’ म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले जुने मणी. ‘हँग्री’, म्हणजे भुकेनं चिडलेला, २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात आला. (मिसळीला उशीर झाला की आमच्या घरात चार दिसतात.) आणि खरी गंमत ‘पग्री’ची. ही आपली पगडीच! साहेब लोक उन्हाच्या टोपीभोवती कापड गुंडाळायचे, त्याला त्यांनी हिंदीतला शब्द उचलून लावला.

फेट्याच्या गावात राहून हे उत्तर कुणालाच सुचू नये?