हॉस्पिसमध्ये समाजसेवक आला कुठून?

हॉस्पिस, म्हणजे बरं होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी सेवा, म्हटलं की डॉक्टर, नर्स आणि वेदना शमवणारं मॉर्फिन आठवतं. समाजसेवक आठवलाच, तर फॉर्म भरून देणारा, बिलात सवलत मिळवून देणारा म्हणून. हा मोठा गैरसमज आहे, कारण आधुनिक हॉस्पिसची कल्पना रुजली तीच रुग्णालयातल्या एका समाजसेविकेच्या मनात.

इंग्लंडमध्ये या पदाला ‘आल्मनर’ म्हणत. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट यांना पहिल्या आल्मनर म्हणून नेमलं, तेव्हा मोफत उपचारांचा गैरफायदा कोण घेतंय हे तपासणं हे त्यांचं मुख्य काम होतं. पण माणसाच्या परिस्थितीची चौकशी करायची म्हणजे त्याची अडचणही कळणारच. पुढे या पदाचा भर पडताळणीपेक्षा मदतीवर आला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली समाजसेवेचं काम सुरू केलं आणि इडा कॅनन यांनी ते नावारूपाला आणलं.

सुरुवातीला म्हटलेली ती समाजसेविका म्हणजे सिसिली साँडर्स. त्या मुळात नर्स. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं, म्हणून त्या आल्मनर झाल्या. त्या कामात १९४७ साली त्यांना डेव्हिड टास्मा भेटले. मूळचे पोलंडचे ज्यू निर्वासित, वय चाळिशीच्या आसपास, कर्करोग हाताबाहेर गेलेला, लंडनमध्ये जवळचं कुणी नाही. साँडर्स त्यांना भेटायला जात राहिल्या. मरणाऱ्या माणसासाठी कशी जागा असावी, यावर दोघं बोलत. १९४८ साली टास्मा गेले, ते ५०० पौंड मागे ठेवून: ‘तुमच्या वास्तूतली मी एक खिडकी होईन.’ साँडर्स पुढे १९५७ साली डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं.

डॉक्टर झाल्यावरही त्यांची नजर आल्मनरचीच राहिली, असं मला ठामपणे वाटतं. त्यांच्या एका रुग्णबाईंना ‘दुखतंय कुठे?’ असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की सुरुवात पाठीपासून झाली, पण आता माझं सगळंच बिनसलंय. नवरा आणि मुलगा फार करतात, पण माझ्यापायी त्यांना कामावर खाडा करावा लागला असता, पगार बुडला असता, हेही त्या त्याच ओघात बोलल्या. बुडणाऱ्या पगाराची ही धास्ती वेदनेचाच भाग आहे, हे साँडर्स यांनी ओळखलं. १९६० च्या दशकात त्यांनी मांडलेल्या ‘टोटल पेन’च्या, म्हणजे समग्र वेदनेच्या, संकल्पनेत शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक वेदना म्हणूनच एकत्र येतात. यातल्या सामाजिक वेदनेवर इंजेक्शन नाही. तिथे नोकरीच्या ठिकाणी बोलणारा, कागदपत्रं मार्गी लावणारा, वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या भावंडांना एका खोलीत आणणारा माणूस लागतो.

अमेरिकेत झेल्डा फॉस्टर या समाजसेविकेने १९६५ साली, तिथे हॉस्पिस येण्याआधीच, गंभीर आजाराचं निदान रुग्णापासून लपवण्याच्या रुग्णालयीन प्रथेवर लिहिलं होतं. १९८२ च्या कायद्याने मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत हॉस्पिसचा समावेश झाला. त्यात वैद्यकीय समाजसेवा ही डॉक्टर आणि नर्सच्या सेवेइतकीच मूलभूत ठरली. रुग्ण गेल्यानंतर वर्षभरापर्यंत कुटुंबाला आधार देण्याचं कामही हॉस्पिसकडे आलं आणि त्याचा बराच भार समाजसेवकच उचलतात. २००८ च्या सुधारित नियमांत मात्र मानसशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या पदवीधरांनाही, समाजकार्यातल्या पदव्युत्तर व्यक्तीच्या देखरेखीखाली, या पदावर घेण्याची मुभा आहे. मला ही सवलत पटत नाही. मरणाच्या दारात असलेल्या माणसाशी आणि त्याच्या घरच्यांशी पैशांबद्दल, अपराधीपणाबद्दल बोलायला मुद्दाम घेतलेलं प्रशिक्षण लागतं, आणि त्या खोलीत देखरेख करणारी व्यक्ती बहुतेक वेळा हजर नसते.