उतरत्या लयीचं भजन

गावातलं भजन चढत्या लयीनं संपतं. सुरुवात संथ, मग ठेका धावायला लागतो, शेवटच्या गजराला दुगुण, म्हणजे दुप्पट लय, आणि टाळ टिपेला. देवळात ते शोभतं. ग्रामीण रुग्णालयाच्या वॉर्डात घाबरलेल्या रुग्णाला निवांत करायला गायचं तर मात्र हाच क्रम उलटा करावा लागतो, आणि मुरलेल्या भजनी मंडळींना नेमकं तेच जड जातं.

उलटा का, ते रुग्णाच्या छातीकडे बघितलं की कळतं. मोठ्या माणसाचा निवांत बसलेला श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. उद्या ऑपरेशन आहे, घरी कापूस वेचायचा राहिलाय, सोबतीला आलेला पोरगा परत गेलाय, अशा माणसाचा श्वास २४-२५ पर्यंत सहज जातो आणि उथळ होतो. त्याच्यापुढे एकदम संथ आलाप धरला तर दोघांची लय जुळतच नाही. म्हणून म्युझिक थेरपीतला जुना नियम असा, की आधी रुग्णाच्या लयीत शिरायचं आणि मग त्याला सोबत घेऊन खाली उतरायचं.

हिशोब सोपा आहे. पूर्ण एक मिनिट छातीची किंवा पोटाची हालचाल मोजायची, तीही न सांगता. मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. समजा २४ भरले. म्हणजे एक श्वास अडीच सेकंदांचा. भजनी ठेका ८ मात्रांचा, म्हणजे ८ ठोक्यांचा. एका आवर्तनात, म्हणजे ठेक्याच्या एका फेऱ्यात, दोन श्वास बसवायचे तर ८ मात्रा ५ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. तिथून सुरू करायचं. दर मिनिटाला तीन मात्रा कमी करत गेलं की बाराव्या मिनिटाला लय ६० वर येते आणि त्याच आवर्तनात मिनिटाला १५ श्वास बसतात. श्वास लयीला चिकटतोच असं नाही. छाती मागे राहिली तर आपण थांबायचं, त्याच लयीत आणखी दोन आवर्तनं काढायची. मोबाइलवरच्या गाण्याला हे करता येत नाही, कारण त्याला समोरचा माणूस दिसत नाही. १९८३ साली अमेरिकेत कॅन्सरच्या भरती रुग्णांना काहींना प्रत्यक्ष गाणं-गिटार आणि काहींना तेच टेपवर ऐकवलं, तेव्हा प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांनी ताण जास्त उतरल्याचं सांगितलं. हा फरक प्रत्येक अभ्यासात सारखा येत नाही, हेही खरं.

नाडीऐवजी श्वास का? आपल्या विदर्भातल्या दवाखान्यात नाडी फसवते. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेल्याला उतारा म्हणून अॅट्रोपिन चालू असतं. त्यानं नाडी मुद्दामच वाढवलेली असते. कधी त्याच उताऱ्यानं माणूस बरळतो. तिथं गाणंच नको, शांतता हवी. उलट बीपीच्या काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात, मग घाबरलेला माणूसही आकड्यांत निवांत दिसतो. दम्याचा, न्यूमोनियाचा श्वास आजारानं वाढलेला असतो. तो गाण्यानं उतरवायच्या फंदात पडू नये. अशा रुग्णाला ऐकू द्यावं, सोबत गायला लावू नये.

ज्याला गावंसं वाटतं आणि दम पुरतो, त्याला लांब ओळ एका दमात सोडू द्यावी. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती खाली येते. इटलीतल्या पाव्हियाचे डॉक्टर लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की लॅटिनमधला ख्रिस्ती माळेचा जप आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो. त्यांचाच २००६ चा प्रयोग वॉर्डासाठी जास्त कामाचा: जलद संगीतानं श्वास, नाडी, रक्तदाब वाढले, आणि मधे सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत ते सुरुवातीपेक्षाही खाली गेले. त्यात सगळे मिळून २४ जण होते, तेही निरोगी. तरी शेवटच्या मात्रेनंतर दोन मिनिटं गप्प बसायला काही खर्च येत नाही. टाळ्या आणि फोटो याच दोन मिनिटांची माती करतात.

आता वाद्य. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लिहून ठेवलंय, की माणसाचा गळा, फुंकवाद्यं, तंतुवाद्यं असा सलग सूर आजाऱ्याला मानवतो आणि तुटक वाजणारा पियानो उलटा परिणाम करतो. पेटीचा सूर सलग असतो, पण भाता वॉर्डातली हवा आत ओढतो आणि आतून तो पुसता येत नाही. टीबीच्या वॉर्डात पेटी आणि बासरी दोन्ही नकोत. टाळ-झांज तर बाहेरच ठेवा. फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत पितळेचा आवाज घुमत राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भात घरोघरी ओळखीची असलेली खंजिरी चालते, फक्त तिच्या चकत्यांवर कापडी पट्टी गुंडाळायची आणि थाप बोटांच्या पेरांनी द्यायची. चामड्याऐवजी फायबरचं पान असेल तर स्पिरिटनं पुसता येतं, पावसाळ्यात उतरतही नाही. लाकडावर स्पिरिट घालू नका, लाखेचं पॉलिश विरघळून हाताला चिकटतं. तिथं साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरे. दोन कॉटांच्या मधे हातही धुवायचे.

उपचाराच्या खोल्यांत आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साध्या गप्पाच ६० च्या आसपास असतात. मे महिन्यात तर कूलर गरगरत असतो आणि ४५ अंशांत तो बंद करा म्हणणं अघोरी आहे. मग गाणारा नकळत आवाज चढवतो, पलीकडचे तीन रुग्ण वैतागतात. उपाय एवढाच, की कूलरच्या विरुद्ध बाजूला, उशीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसायचं आणि आवाज गप्पांपेक्षा खाली ठेवायचा. मॉनिटर आणि सिस्टरचं टेबल यांच्या मधे बसू नये. अलार्म तिला ऐकू आला पाहिजे. वेळ दुपारी तीन-चारची, राउंड आणि ड्रेसिंग आटोपल्यावरची.

सगळ्यात मोठी चूक मात्र गाणं निवडताना होते. अनेक गावांत अंत्ययात्रेपुढे भजनी मंडळ चालतं. दिवेलागणीला चार जण टाळ-मृदंग घेऊन कॉटभोवती उभे राहिले तर आजीला वाटायचं, आपलं आटोपलं. शिवाय त्याच वॉर्डात भीमगीतांवर वाढलेला माणूस असतो, कव्वाली ऐकणारा असतो, मेळघाटातली कोरकू बाई असते. एकट्यानं जायचं आणि आधी विचारायचं: “आजी, एखादं गाणं म्हणू का जी? नको असन तर नको म्हणा.” कोणतं, तेही तिनंच सांगायचं. लग्नातली, जात्यावरची गाणी पुष्कळदा पुढे येतात. नको म्हटलं तर उठायचं, आग्रह नाही.

ऐकता ऐकता रुग्ण रडला तर गाणं बिघडलं असं नाही. लय तशीच ठेवून आवाज उतरवायचा, ओळ पूर्ण करायची, बसून राहायचं. हुंदका थांबत नसेल, किंवा “जगून काय करू” असं तोंडून आलं, तर लगेच सिस्टरला सांगायचं. ते गाणाऱ्याचं काम नाही.

परिणाम मोजायला ० ते १० चे आकडे म्हाताऱ्या माणसांना पटत नाहीत. “रुपयात किती आने घाबरल्यासारखं वाटते?” असं विचारलं की उत्तर पटकन येतं: बारा आने. संपल्यावर पुन्हा विचारायचं. वहीत चारच गोष्टी: आधीचे आणे, नंतरचे आणे, आधीचा श्वास, नंतरचा श्वास. एखाद्याचे बाराचे चौदा झाले तर तेही लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गाणं न्यायचं नाही.

लय उतरवण्याचा सराव घरी घड्याळासमोर करावा. साठची लय म्हणजे सेकंदकाट्याच्या प्रत्येक टिकटिकीला एक मात्रा. बहुतेकांची खंजिरी तिसऱ्याच मिनिटाला काट्याच्या पुढे पळते. आणि वाजवून झाल्यावर ती स्टुलावर टेकवायची नाही, मांडीवर घडी केलेल्या पंच्यावर ठेवायची. शेवटच्या शांततेची ती दोन मिनिटं मोडायला चकत्यांचा एक खणका पुरे होतो.